अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोड परिसरातून जी मुलंमुली मॉलमधल्या दुकानांत नोकरीसाठी अर्ज करतात, त्यांच्या अर्जातला एक रकाना मला कायम खटकत आला आहे. शिक्षण व्यवस्थित लिहिलेलं असतं, बारावीचे टक्के दशांश चिन्हासकट असतात, एमएस-सीआयटी असते आणि ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘नाही’ असतं. अर्ज जरा इंग्रजी वळणाचा असेल तर ‘फ्रेशर’. मग बारावीनंतरची दोन वर्षं कशात गेली याची चौकशी केली की कळतं, कुणी कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाईकं सांभाळली आहेत, कुणी मेडिकलच्या काउंटरवर संध्याकाळची पाळी केली आहे, कुणी स्टीलच्या भांड्यांच्या घाऊक गाळ्यावर चलनं लिहिली आहेत. हे सांगताना सुरुवात मात्र ‘तसं काही नाही’ अशी होते. पगार रोख मिळाला, त्याची पावती नाही, नेमणुकीचं पत्र नाही, शेठने नाव कुठल्या हजेरीपटावर घातलं की नाही ते ठाऊक नाही. म्हणजे ते काम झालंच नाही, असा हिशेब. अशा उमेदवारांच्या तयारीत हात घालून घालून माझं मत पक्कं झालं आहे की तयारीतलं पहिलं आणि सगळ्यांत अवघड काम हा ‘नाही’ खोडण्याचं आहे. उत्तरं पाठ करणं फार नंतर येतं, आणि बहुतेकदा येऊही नये.

कागद का नसतो, याला कारण आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने नोंदणीची सक्ती दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली. त्याखालच्या दुकानदाराने सरकारला नुसती सूचना दिली की भागलं. केबिन रोडवरच्या गाळ्यांत दहा माणसं कामाला असलेलं दुकान शोधावं लागेल. शेठ, शेठचा भाऊ आणि दोन-तीन पोरं, एवढाच बहुतेक ठिकाणी कारभार. पण कागदावर नसलेल्या या कामाचा आवाका मॉलमधल्या कामापेक्षा मोठा असतो, हे उमेदवाराला कोणी सांगितलेलं नसतं. मोठ्या दुकानात माणूस एका सेक्शनला बांधलेला असतो. बिलिंगवाला बिलिंग करतो, ट्रायल रूमवाली ट्रायल रूम बघते, तक्रार आली की ती कस्टमर सर्व्हिस डेस्ककडे जाते, माल कमी पडला तर सिस्टिम सांगते. छोट्या दुकानात शटर वर करण्यापासून गल्ला मोजण्यापर्यंत सगळं त्याच दोन-तीन माणसांच्या हातून जातं: उधारीची वही, सुट्ट्या पैशांची चणचण, जुना माल पुढे आणि नवा मागे लावणं, टेम्पोतून उतरलेली खोकी चलनाशी पडताळून घेणं, यूपीआयची सूचना वाजली नाही म्हणून गिऱ्हाईकाला न दुखावता दोन मिनिटं थांबवणं. त्यात भाषा. याच काउंटरवर तासाभरात मराठी, गुजराती, मारवाडी आणि हिंदी येऊन जाते. २०२५ च्या जुलैत मीरा रोडला दुकानातल्या भाषेवरून वाद पेटला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चा निघाला, शहराचं नाव देशभर झालं. त्या गदारोळात काउंटरमागच्या मुलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, जी आजींशी मराठीत, भाभींशी गुजरातीत आणि टेम्पोवाल्याशी हिंदीत बोलून वाद पेटूच देत नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या तक्त्यात या गोष्टीला नाव आहे आणि गुणही आहेत. अर्जात ती सहसा ‘भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढ्या एका ओळीत विरून जाते.

मोठ्या साखळी दुकानांत ज्याला ‘कॉम्पिटन्सी बेस्ड’ मुलाखत म्हणतात, ती प्रश्नांवरूनच ओळखू येते. ‘तुम्ही मेहनती आहात का’ असं तिथे विचारत नाहीत. चिडलेल्या ग्राहकाला सांभाळल्याचा एखादा प्रसंग सांगा, असं विचारतात. नियम एक सांगत होता आणि ग्राहकाची अडचण दुसरंच मागत होती, तेव्हा काय केलंत? सहकाऱ्याशी पटत नव्हतं तेव्हा काम कसं निभावलंत? स्वतःची चूक लक्षात आल्यावर कुणाला सांगितलंत? प्रत्येक प्रश्नामागे कामाला लागणारी एकेक क्षमता ठरलेली असते, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न असतात आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या पट्टीवर गुण दिले जातात. निदान रीत तशी आहे. शनिवारी संध्याकाळी फ्लोअर मॅनेजरला घाई असली की पट्टी टेबलाच्या खणातच राहते.

या रीतीचा उगम दुकानदारीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करासाठी वैमानिक निवडण्याच्या कामावर जॉन फ्लॅनगन हे मानसशास्त्रज्ञ होते. प्रशिक्षणातून काढून टाकलेल्यांच्या कागदांवर उड्डाणाची उपजत जाण नाही, स्वभाव अनुरूप नाही, अशा धर्तीचे शेरे असत, आणि त्यांवरून माणसाचं नेमकं काय चुकलं ते कळत नसे. म्हणून शेरे बाजूला ठेवून प्रसंग गोळा करायचे, असं ठरलं: काय घडलं, माणसाने काय केलं, त्याचं पुढे काय झालं. फ्लॅनगन यांनी ही पद्धत १९५४ मध्ये सविस्तर मांडली. पुढे १९७३ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धिमापन चाचण्या आणि परीक्षेतले गुण बघून नोकऱ्या देण्याच्या पद्धतीवरच हल्ला चढवला. बॉस्टनमधल्या रॉक्सबरी या गरीब भागातल्या माणसाला पोलीस व्हायचं तर तीन तासांच्या परीक्षेत ‘पायरोमेनिअ‍ॅक’ आणि ‘लेक्सिकन’ यांचे अर्थ यावे लागतात. गस्त घालताना त्यांचा काय उपयोग, असा त्यांचा सवाल होता. या मॅक्लेलंड यांना भारतातला छोटा व्यापारी परका नव्हता. १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवून त्यांनी त्याचे परिणाम तपासले होते. आपल्याकडे आजही दुकानातून नाकारलेल्या मुलाला ‘पर्सनॅलिटी नाही’, ‘अ‍ॅटिट्यूड नाही’ एवढंच सांगितलं जातं. हे शेरे फ्लॅनगन यांना सापडलेल्या शेऱ्यांचेच भाऊबंद आहेत. ते खोडून काढण्यासाठी जी मुलाखत जन्माला आली, तिलाच आपली मुलं सगळ्यांत जास्त घाबरतात, ही मला या सगळ्यातली मोठी विसंगती वाटते.

पद्धत न्याय्य वाटते म्हणून ती खरीही ठरते असं नाही, तेव्हा आकड्यांकडे पाहावं लागतं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. मुलाखतीतला अंदाज आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांचा सहसंबंध, ठरीव प्रश्नांची मुलाखत असेल तर ०.५१ आणि मोकळ्या गप्पांची असेल तर ०.३८ आला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आकडेमोडीतली एक दुरुस्ती गरजेपेक्षा उदार होती असं दाखवून हिशेब नव्याने मांडला. तेव्हा ठरीव मुलाखत ०.४२ वर उतरली, पण तपासलेल्या निवडपद्धतींत तीच पहिली आली. मोकळी मुलाखत ०.१९ वर घसरली. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य नोकऱ्यांवरचे आहेत आणि ०.४२ म्हणजे काही भविष्यवाणी नव्हे. चुकीची निवड होण्याला भरपूर वाव राहतोच. पण १९९८ च्याच आढाव्यातले आणखी दोन आकडे आपल्या उमेदवाराने पाहावेत असे आहेत. शिक्षणाची वर्षं आणि कामगिरी यांचा संबंध ०.१०, नोकरीच्या अनुभवाची वर्षं आणि कामगिरी यांचा ०.१८. म्हणजे ज्या दोन रकान्यांमुळे केबिन रोडवरची मुलगी स्वतःला कमी लेखते, ते दोन्ही तिच्याविषयी फारसं काही सांगतच नाहीत. ती काय करते, हे तिने केलेल्या एखाद्या गोष्टीच्या नेमक्या वर्णनातून जास्त कळतं. दहा वर्षं काउंटरवर उभं राहून एकदाही डोकं न वापरलेला माणूस असू शकतो, आणि एका दिवाळीच्या सीझनमध्ये सगळं शिकून गेलेली मुलगीही.

सरकारनेही हे तत्त्व कागदावर मान्य केलं आहे. २७ डिसेंबर २०१३ ला अधिसूचित झालेली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट म्हणजे एनएसक्यूएफ, शिक्षणाच्या वर्षांऐवजी माणसाला काय करता येतं यावर पात्रता मोजते. किरकोळ विक्रीच्या कामांची मानकं रिटेलर्स असोसिएशन्स स्किल कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद ठरवते, आणि ग्राहकाला योग्य वस्तू निवडायला मदत करणं, त्याच्या तक्रारीचं निवारण करणं, इतरांबरोबर मिळून काम करणं अशा गोष्टी त्यांत आहेत. आधीच अंगी असलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. तिला आरपीएल म्हणतात. ते प्रमाणपत्र मिळालं तर घ्यावं. ते नसलं तरी ही मानकं वाचण्याचा फायदा असा की मॅनेजर कोणत्या खणांत गुण टाकणार आहे ते आधी दिसतं, आणि त्यातले निम्मे खण आपण रोज भरत होतो हेही कळतं.

आता तयारी. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न चिडलेल्या ग्राहकाचा, आणि त्याचं सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर असं: ‘कस्टमर खूप चिडला होता, मी शांतपणे समजावलं, तो खूश होऊन गेला.’ या वाक्यात खोटं काही नाही, पण खरंही काही हाती लागत नाही. कोणता ग्राहक, कशावरून चिडला, समजावलं म्हणजे कोणते शब्द वापरले, खूश झाला हे कशावरून? समजा, लग्नसराईतला प्रसंग आहे. ग्राहक ताईंनी तीन दिवसांपूर्वी नेलेला ड्रेस परत आणला आहे, शिवण उसवलेली आहे, बिल घरी राहिलं आहे, दुकानात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आहे आणि शेठ जेवायला गेले आहेत. इथे मुलीपुढे चार वेगवेगळे प्रश्न एकदम उभे आहेत. ड्रेस आपल्याच दुकानातला आहे का, हे ती बिलाशिवाय कशी ठरवते? टॅगवरून, की त्या दिवशीच्या यूपीआयच्या नोंदीवरून? शिवण वापरून उसवली की मुळातच कच्ची होती, हे तिला ओळखता येतं का? पैसे परत द्यायचा अधिकार तिला नाही. मग तिच्या अधिकारात काय आहे? दुसरा पीस दाखवणं, टेलरकडून तासाभरात शिवून देणं, शेठना फोन लावणं? आणि दुकानात बसलेली बाकीची गिऱ्हाईकं हा संवाद ऐकत आहेत, त्याचं ती काय करते? जिने हे खरंच केलं आहे, तिला या चारही प्रश्नांची उत्तरं माहीत असतात. फक्त ती सांगण्याजोगी आहेत, हे तिला माहीत नसतं. ‘मी आधी ड्रेस हातात घेऊन उजेडात शिवण बघितली, कारण बघितल्याशिवाय नाही म्हटलं असतं तर त्या आणखी चिडल्या असत्या’ हे एक वाक्य, शांतपणे समजावल्याच्या दहा वाक्यांपेक्षा जड आहे. त्यात निर्णय आहे आणि निर्णयाचं कारणही आहे.

याच प्रसंगाला कायद्याची एक बाजू आहे, आणि तयारी करणाऱ्याने ती वाचून ठेवावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे भिंतीवरची ती पाटी सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवत नाही. कॅरीबॅगचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका मोठ्या साखळीच्या प्रकरणात सांगितलं, की ग्राहकाला आधी कल्पना न देता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं अनुचित आहे. ‘पिशवीच्या पैशांवरून ग्राहक हुज्जत घालतोय, काय कराल?’ हा प्रश्न मुलाखतीत येतो, आणि बहुतेक मुलं ‘कंपनीचा नियम समजावून सांगेन’ म्हणतात. ज्याला हा निकाल ठाऊक आहे तो म्हणेल, की खरेदी सुरू करतानाच दिसेल अशी सूचना लावलेली आहे का ते मी आधी पाहीन. मॅनेजर चमकून वर पाहतो ते अशा उत्तराला, कारण पिशवीवरच्या हुज्जती रोज त्याच्याच डोक्यावर येत असतात.

असे सहा-सात प्रसंग आठवून, वहीत आपल्या भाषेत लिहून काढले की तयारीचा मोठा भाग संपतो. आठवायला वेळ लागतो, कारण जे काम रोज होतं ते लक्षात राहत नाही. सण, सीझन, तंगी आणि बदल यांच्या कडेकडेने आठवण शोधावी लागते. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, २०१७ च्या जुलैत आलेला जीएसटी, २०१८ ची प्लॅस्टिकबंदी, मार्च २०२० नंतर किराणा दुकानांपुढे आखलेली वर्तुळं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या याद्या: यातल्या ज्या दिवसांत आपण काउंटरवर होतो, तिथे ‘परिस्थिती अचानक बदलली तेव्हा काय केलंत’ या प्रश्नाचं उत्तर पडलेलं असतं. आकडा असेल तर तो लहान असला तरी सांगावा. रोज गल्ला जुळायला अर्धा तास लागायचा, नोटा आणि ऑनलाइनच्या नोंदी वेगळ्या लिहायला लागल्यावर दहा मिनिटांत जुळू लागला, एवढं पुरे. ‘दुकानाची विक्री वाढवली’ असं म्हणणाऱ्याला किती, आणि ती तुमच्यामुळेच वाढली कशावरून, या दोन प्रश्नांत घाम फुटतो. सहा-सातांतला एक प्रसंग तरी फसलेला असावा. चुकीचा माल दिला, सुट्टे देताना गोंधळ झाला, सहकाऱ्यावर आवाज चढला. तो दडवण्याकडे कल असतो. पण ज्या कामात रोख रक्कम हातात असते, तिथे मालकाला सर्वांत जास्त जाणून घ्यायचं असतं ते हेच, की शॉर्टेज आली तेव्हा हा माणूस स्वतः जाऊन सांगतो की कुणी विचारेपर्यंत गप्प बसतो.

यावर पहिली हरकत अशी येते, की हे सगळं शेवटी पाठांतरच. पूर्वी दहावीच्या ‘अपेक्षित’मधून निबंध पाठ व्हायचे, आता इंटरनेटवरच्या तयार उत्तरांमधून प्रसंग पाठ होतात, खोटं रचणारा हुशार मुलगा खऱ्या अनुभवाच्या बुजऱ्या मुलीला मागे टाकेल. हा धोका खरा आहे आणि तो पूर्ण टळत नाही. पण नीट घेतलेली मुलाखत एका उत्तरावर थांबत नाही. रचलेल्या प्रसंगाला खोली नसते. ‘त्या वेळी दुकानात आणखी कोण होतं? तुम्ही त्यांना पहिलं वाक्य काय म्हणालात? नंतर शेठ काय म्हणाले?’ असं विचारत गेलं की तयार उत्तर तिसऱ्या प्रश्नाला संपतं. घडलेला प्रसंग मात्र विचारावं तसा उलगडत जातो, कारण सांगणाऱ्याला तो दिसत असतो. म्हणूनच वहीत प्रसंग लिहावा, पण वाक्यं पाठ करू नयेत. वाक्यं पाठ केली की खरा प्रसंगही खोट्यासारखा ऐकू येतो. हे नुकसान मी प्रामाणिक मुलांचंच होताना जास्त पाहिलं आहे. खोटं बोलणारे निदान सफाईने बोलतात.

दुसरी हरकत संस्कारांची आहे आणि ती मला जास्त विचार करायला लावते. आपल्या घरांत स्वतःचं कौतुक स्वतः करणं वाईट समजतात. ‘आम्ही मिळून केलं’, ‘शेठनी सांगितलं तसं केलं’ असं म्हणणारा माणूस नम्र ठरतो, आणि मुलाखतीत त्याला गुण मिळत नाहीत, कारण समोरच्याला ‘आम्ही’मध्ये हा माणूस कुठे होता तेच कळत नाही. ही पद्धत फुशारकी मारणाऱ्यांना धार्जिणी आहे, हा आक्षेप निवडीच्या बऱ्याच पद्धतींवर घेता येतो आणि इथेही तो काही प्रमाणात लागू आहे. तरी फुशारकी आणि हिशेब यांत फरक आहे. ‘मी फार चांगली सेल्सगर्ल आहे’ ही टिमकी झाली. ‘साईज बघून पीस काढायचं काम माझं, बिल मनीषाताई करायच्या, पैसे शेठ घ्यायचे, त्या दिवशी मनीषाताई नव्हत्या म्हणून बिलही मी केलं’ हा हिशेब झाला. यात दुसऱ्याचं श्रेय हिरावलेलं नाही, उलट ते नीट वाटलेलं आहे. बचत गटाच्या बैठकीत किंवा सोसायटीच्या सभेत खर्च कसा झाला ते उभं राहून सांगणाऱ्या बाईला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही. मुलाखतीत तेवढंच अपेक्षित आहे, त्याहून जास्त नाही.

भाषेची हरकत मात्र मी अर्धीच खोडू शकतो. मालाड-गोरेगावच्या मोठ्या मॉलमध्ये मुलाखत इंग्रजीत सुरू होते, पहिल्या दोन वाक्यांत उमेदवार अडखळतो आणि पुढचं ऐकण्याआधीच त्याच्याविषयी मत तयार होतं. याला क्षमतेची परीक्षा म्हणणं ढोंग आहे; ही वर्गाची चाळणी आहे, आणि मॅक्लेलंड यांनी रॉक्सबरीच्या पोलिसाबद्दल विचारलेला प्रश्न इथे जसाच्या तसा विचारता येतो. महागड्या घड्याळांच्या काउंटरवर इंग्रजी कामाचा भाग असेलही, किराणा मालाच्या फ्लोअरवर ती किती लागते? तरी उमेदवाराच्या हातात एक गोष्ट राहते. जो प्रसंग गुजरातीत किंवा मराठीत घडला, तो आधी त्याच भाषेत पूर्ण आठवावा, आणि मग मुलाखतीच्या भाषेत साध्या, छोट्या वाक्यांत आणावा. थेट इंग्रजीत विचार करायला गेलं की प्रसंगाऐवजी ‘कस्टमर सॅटिस्फॅक्शन’सारखे शब्द तोंडात येतात. इंग्रजी येत नसेल तर ‘हिंदीत सांगितलं तर चालेल का’ असं सुरुवातीलाच विचारण्यात काही कमीपणा नाही. अनेक स्टोअर मॅनेजर स्वतः फ्लोअरवरून वर आलेले असतात आणि त्यांना ते चालतं. ज्यांना चालत नाही, तिथे प्रसंग कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही, हे मान्य केलेलं बरं.

ज्यांनी काउंटरवर कधीच काम केलेलं नाही त्यांचं काय? मुलं शाळेत जायला लागल्यावर नोकरी शोधणाऱ्या कितीतरी बायका या भागात आहेत. त्यांच्या बाबतीत प्रसंग दुसरीकडे शोधायचे. डब्याच्या ऑर्डर घेताना पैसे थकवणाऱ्या ग्राहकाला कसं बोलल्या, बचत गटात दोघींचं भांडण झालं तेव्हा हप्ता कसा चुकू दिला नाही, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब कसा ठेवला. ज्या मॅनेजरला हे कमी वाटतं, त्याने फ्लॅनगन वाचलेला नाही एवढंच म्हणता येईल. पण नोकरी त्याच्याच हातात असते, म्हणून घरातल्या प्रसंगाच्या शेवटी तो दुकानात कसा उपयोगी पडेल हे एका वाक्यात जोडून द्यावं लागतं. काउंटरवरच्या मुलीला ही कसरत करावी लागत नाही, आणि म्हणूनच तिने अर्जात ‘नाही’ लिहिलेलं मला जास्त सलतं.

राहता राहिला सर्वांत रोकडा आक्षेप: दिवसभर उभं राहायच्या, बेताच्या पगाराच्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला? उभं राहायला माणूस हवा आहे, त्याची क्षमता कोण बघतो? हे म्हणणाऱ्याचं दुखणं मला समजतं. सीझनच्या भरतीत खरोखरच मापाचा युनिफॉर्म आणि रविवारी यायची तयारी, एवढंच पाहिलं जातं. पण फ्लोअरवरून डिपार्टमेंट मॅनेजर व्हायचं असतं तेव्हा हेच प्रश्न पुन्हा समोर येतात, आणि तोवर वही लिहायची सवय लागलेली असली तर फरक पडतो. शिवाय ही तयारी पगाराच्या बोलणीत उपयोगी पडते. आपण काय करून दाखवलं हे ज्याला सांगता येतं, तो आकडा मागताना खाली बघत नाही. मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात, तेव्हा बहुतेक मुलं मान हलवून ‘नाही’ म्हणतात. तिथे विचारायचं असतं ते असं: नेमणूकपत्रावर दुकानाचं नाव येणार की माणसं पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं, पीएफ आणि ईएसआय कापणार का, टार्गेट चुकलं तर इन्सेंटिव्हच जाणार की पगारालाही हात लागणार, वीक ऑफ सणांच्या आठवड्यातही मिळणार का, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नसताना, दहा वाजता बंद होणाऱ्या स्टोअरची कॅश टॅली रोज कोण करतं.